साठी उलटलेल्या बाईची हाडं: व्हिटॅमिन डी किती घ्यायचं, कसं घ्यायचं आणि त्यापुढे काय करायचं

रिपोर्टवर व्हिटॅमिन डी 17 आलं, शेजारी ‘कमी’ असं छापलेलं दिसलं, की दुसऱ्या दिवशी केमिस्टकडून डीच्या साठ हजार आययूवाल्या पुड्या येतात (आययू हे व्हिटॅमिन मोजायचं एकक) आणि हाडांची काळजी मिटली असं घरात सगळ्यांना वाटतं. डी खरोखर कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, त्याशिवाय हाडांचं कोणतंच औषध नीट लागू पडत नाही. पण पुरेसं झाल्यावर आणखी डी दिल्याने हाड जास्त मजबूत होत नाही. म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुतेक वेळा दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून: हाड विरळ झालेलं असतं आणि बाई पडते. म्हणून आई, सासूबाई किंवा आजी यांच्या हाडांचं काम हाती घेताना डी, कॅल्शियम, हाडांची तपासणी आणि पडणं टाळणं या सगळ्याकडे बघावं लागतं. पुडी हा त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सोपा भाग आहे, आणि तरीही सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

डी कमी पडलं की आत काय होतं

जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घ्यायला डी लागतं. ते कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम उतरायला लागतं. मग गळ्यातल्या थायरॉइडच्या मागे असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचं संप्रेरक हाडातलं कॅल्शियम काढून रक्ताची पातळी सांभाळतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं, झीज सोसतं ते हाड. खुब्याचा मानेसारखा अरुंद भाग आणि मनगटाजवळचं हाड, म्हणजे जिथे बाहेरचं घट्ट कवच महत्त्वाचं असतं, तिथे ही झीज जास्त महागात पडते.

कमतरता खूप खोल आणि खूप दिवसांची असेल तर आणखी एक प्रकार होतो: नव्याने तयार होणाऱ्या हाडात खनिज भरतच नाही आणि हाड मऊ राहतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाड विरळ होणं, तो वेगळा आजार. दोन्हींत हाड मोडतं, पण मऊ हाड डी आणि कॅल्शियमने भरून येतं, विरळ हाडाला वेगळं औषध लागतं. फरक ओळखायच्या खुणा घरीही दिसतात. ऑस्टिओमलेशियात नडगीवर अंगठ्याने दाबलं तरी दुखतं, बरगड्या आणि कंबर ठणकतात, मांड्यांतला जोर जातो. जमिनीवरून किंवा पाटावरून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागतं, चाल झुलती होते. ऑस्टिओपोरोसिस मात्र हाड मोडेपर्यंत मुळीच दुखत नाही. गुडघेदुखी ही बहुतेक वेळा संधिवाताची असते आणि डीच्या पुडीने ती जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.

तपासणी: कोणती, कोणाची, कधी

मागायची तपासणी म्हणजे 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. लॅबच्या यादीत 1,25-डायहायड्रॉक्सी नावाचीही एक असते. ती महागही असते आणि इथे दिशाभूल करते, कारण डीची कमतरता असतानाही ती नॉर्मल किंवा जास्त येऊ शकते. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. केस-नखांच्या गोळ्या चालू असतील तर त्यात बहुधा बायोटिन असतं आणि काही यंत्रांवर त्यामुळे डी खोटंच जास्त दिसतं. दोन-तीन दिवस आधी त्या बंद कराव्यात आणि लॅबला तसं सांगावं.

धडधाकट, चालत्या-फिरत्या प्रत्येक बाईची डीची तपासणी करत सुटण्याची गरज नाही. करावी ती अशांची: किरकोळ पडण्याने हाड मोडलेलं आहे, ऑस्टिओपोरोसिसचं निदान झालं आहे किंवा त्याचं इंजेक्शन सुरू करायचं आहे, वर सांगितलेली मऊ हाडांची लक्षणं आहेत, घराबाहेर पडणंच बंद झालं आहे, फिटच्या गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटल), क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा स्टिरॉइड चालू आहे, मूत्रपिंड, यकृत किंवा आतड्याचा जुना आजार आहे.

डीबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेस आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) एकदा करून घ्यावं. यासाठी थोडे जास्त पैसे जातात, पण ते वाया जात नाहीत. अल्कलाइन फॉस्फेटेस वाढलेलं आणि फॉस्फरस उतरलेलं असेल तर ऑस्टिओमलेशियाचा संशय बळावतो. डी कमी आणि कॅल्शियम मात्र जास्त, असा रिपोर्ट आला तर पुडी सुरू करू नका. पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार असू शकतो आणि अशा वेळी आधी पॅराथायरॉइड संप्रेरक तपासावं लागतं.

आता एकक. भारतात आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतो. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडामध्ये तो नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात आणि तो अडीच पट मोठा दिसतो. मुलाकडे लंडनला गेलेल्या आईचा तिथला 45 म्हणजे आपल्याकडचा 18. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘केवढं वाढलं’ असं ठरवण्याआधी एकक बघा.

आकडा आला, आता काय

बहुतेक लॅबच्या कागदावर 30 ते 100 ‘पुरेसं’, 20 ते 30 ‘अपुरं’ आणि 20 खाली ‘कमतरता’ असं छापलेलं असतं. ही विभागणी अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने 2011 मध्ये दिली होती. त्याच संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात ती मागे घेतली. अमेरिकेच्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मात्र हाडांसाठी 20 पुरेसं आणि 12 खाली खरी कमतरता असंच धरलं होतं. म्हणून 24 आकडा आलेल्या, रोज फिरायला जाणाऱ्या, नीट जेवणाऱ्या बाईला घाबरवून सोडण्यात अर्थ नाही.

हे कशावरून म्हणायचं, तर मोठ्या चाचण्यांवरून. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या 3,270 बायकांवर केलेला अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय 84, ऊन नाही, आहारात कॅल्शियम कमी. त्यांच्यातल्या निम्म्यांना रोज 800 आययू डी आणि 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं तेव्हा बाकीच्यांपेक्षा त्यांच्यात दीड वर्षात खुब्याचे फ्रॅक्चर 43 टक्क्यांनी कमी झाले. याच्या उलट अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत जवळजवळ 26 हजार साध्या, धडधाकट स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज 2,000 आययू डी पाच वर्षं दिलं आणि फ्रॅक्चर मुळीच घटले नाहीत, असं 2022 मध्ये दिसून आलं. त्यांच्यात बहुतेकांचं डी आधीच पुरेसं होतं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र स्वच्छ होतं: रिकामं आहे तिथे भरण्याचा फायदा होतो, तोही कॅल्शियम सोबत असेल तर.

या हिशेबाने ढोबळ मात्रा अशा बसतात. आकडा 12 च्या खाली असेल किंवा मऊ हाडांची लक्षणं असतील, तर आपल्याकडे साधारणपणे 60,000 आययू आठवड्यातून एकदा, 8 आठवडे देतात, कधी 12 आठवडे. 12 ते 20 मध्ये हाच कोर्स थोडा लहान करतात, किंवा रोज 1,000 ते 2,000 आययू तीन महिने देतात. खुबा किंवा मणका मोडला असेल आणि हाडांचं इंजेक्शन लवकर द्यायचं असेल तर पुड्यांचा मार्ग सोयीचा, घाई नसेल तर रोजची गोळी बरी. 20 ते 30 मध्ये पुडीची गरज नाही. सत्तरी ओलांडली असेल तर रोज 800 ते 1,000 आययू पुरे. 30 च्या वर औषध वाढवू नका. अंगाने स्थूल बाईला मात्र तेवढीच पातळी गाठायला दुप्पट-तिप्पट मात्रा लागते, कारण डी चरबीत मुरतं.

मूत्रपिंडाचा आजार, मूतखडा, सारकॉइडोसिस (बहुधा फुप्फुसांत बारीक गाठी आणणारा आजार) किंवा चालू क्षयरोग असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सारकॉइडोसिस आणि क्षयात शरीर स्वतःच डीचं सक्रिय रूप जास्त बनवू शकतं आणि कॅल्शियम अचानक चढतं.

पुडी घेताना

साठ हजारची पुडी, कॅप्सूल किंवा छोट्या बाटलीतलं द्रव, औषध एकच: कोलेकॅल्सिफेरॉल. ते तेल-तुपात विरघळतं, म्हणून उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतलं तर कमी लागू पडतं. दिवसातल्या मोठ्या जेवणानंतर, साय असलेल्या कपभर दुधात ढवळून घ्यावं. वार ठरवा. रविवार ठरवला तर कालनिर्णयच्या पानावर आठही रविवारांना आधीच गोल करून ठेवा आणि पुडी घेतली की गोलावर काट मारा. ही युक्ती साधी आहे, पण सर्वांत घातक चूक तिनेच टळते.

ती चूक म्हणजे ‘आठवड्यातून एक’ असं लिहिलेलं औषध रोज एक घेणं. घरी इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, त्यात हीसुद्धा डब्यात जाते. आठवड्याला एक म्हणजे दिवसाला सुमारे 8,500 आययू, तेही दोन महिन्यांपुरतंच. रोज एक म्हणजे 60,000. महिना-दोन महिन्यांत कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुसरी चूक, कोर्स संपला तरी वर्षानुवर्षं दर आठवड्याला पुडी चालू ठेवणं. तिसरी, हाडांचे डॉक्टर एक पुडी लिहितात, घरचे डॉक्टर दुसऱ्या नावाची, आणि मध्येच कोणीतरी डीचं सहा लाख आययूचं इंजेक्शन टोचून जातं. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मांडून ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ किंवा ‘डी3’ कुठे कुठे आहे ते मोजा. कॅल्शियमच्या गोळीतही बहुधा 250 ते 500 आययू असतं, तेही धरा.

चौथी चूक लेबल न वाचल्यामुळे होते. कॅल्शियमच्या काही मऊ कॅप्सूलमध्ये ‘कॅल्सिट्रिऑल 0.25 मायक्रोग्रॅम’ असतं. हे डीचं तयार, सक्रिय रूप आहे, मुख्यतः मूत्रपिंड निकामी झालेल्यांसाठी. साध्या कमतरतेत ते घेतलं तर रिपोर्टवरचा 25-हायड्रॉक्सीचा आकडा वाढत नाही, शरीरातला साठाही भरत नाही, आणि कॅल्शियम चढण्याचा धोका मात्र जास्त. ‘गोळ्या घेऊनही डी वाढत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. मग औषध उपाशीपोटी घेतलं जातंय का ते बघा, आणि त्यानंतरच आतड्याच्या आजाराची शंका घ्या.

अचानक खूप तहान, वारंवार लघवी, न सुटणारं बद्धकोष्ठ, मळमळ, उलटी, सुस्ती किंवा बरळणं ही कॅल्शियम चढल्याची लक्षणं. म्हातारपणी याला ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. डी घेणाऱ्या बाईत यातलं काही दिसलं तर औषध थांबवा आणि त्याच दिवशी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा. डी 100 च्या वर गेलेलं असेल तर लक्षणं नसली तरी थांबवावं. विषबाधा सहसा 150 च्या वर दिसते.

पुन्हा तपासणी कोर्स सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी. महिन्याभरात केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते. एकदा 20 च्या वर पातळी स्थिरावली की दर तीन महिन्यांनी सुई टोचत बसू नये.

मग पुढे रोजचं 800 ते 1,000 आययू की महिन्याची एक पुडी? महिन्याला 60,000 म्हणजे दिवसाला 2,000 पडतं आणि लक्षात ठेवायला सोपं, म्हणून आपल्याकडे तेच जास्त लिहितात. पण जी बाई आधीच तोल जाऊन पडते तिला रोजची लहान मात्राच द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2,256 बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख आययू देऊन पाहिलं. 2010 मध्ये निकाल आला तेव्हा औषध घेतलेल्या बायका 15 टक्के जास्त पडल्या होत्या आणि त्यांचे फ्रॅक्चर 26 टक्के जास्त होते. झ्युरिकमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत महिन्याला 60,000 घेणारे वृद्ध 24,000 घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले. ती चाचणी छोटी, 200 जणांची होती, तरी दिशा तीच दाखवते. म्हणूनच वर्षाचा एकदम डोस, सहा लाखांचं इंजेक्शन, असले प्रकार ज्येष्ठ बायकांनी टाळावेत.

उन्हाचा हिशेब

सकाळचं कोवळं ऊन डीसाठी चांगलं, हा समज घराघरांत आहे. डी बनतं ते अतिनील-बी किरणांनी, आणि सूर्य खाली असताना ते वातावरणातच अडतात. साडेसात वाजता देवळात जाऊन येण्याने चालणं होतं, मनाला बरं वाटतं, डी मात्र नगण्य बनतं. खूण सोपी आहे: उभं राहून स्वतःची सावली बघा. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तरच ते ऊन उपयोगाचं. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड एवढीच असते, मे महिन्यात साडेनऊपासून साडेतीनपर्यंत. नागपूर थोडं उत्तरेला, तिथे डिसेंबरात ही वेळ आणखी आखूड, जेमतेम दुपारच्या बारा-सव्वाबाराच्या आसपास. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाने डी बनत नाही.

साडीचा पदर अंगभर घेऊन बसलं तर उघडं राहतं ते तोंड आणि मनगटापुढचे हात. कोपरापर्यंत हात, पोटऱ्या आणि शक्य असेल तर पाठ उघडी ठेवून, थंडीत साडेअकरा ते एकच्या दरम्यान वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा गच्चीत किंवा अंगणात बसावं. डोकं झाकलेलं असावं. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, आणि सत्तरीनंतर त्वचेची डी बनवण्याची ताकद तरुणपणाच्या निम्म्याहून कमी उरते. मे महिन्यात विदर्भात आजीला दुपारी बारा वाजता उन्हात बसवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. तिथे गोळीच बरी. मुलांकडे थंडीत इंग्लंडला जाणाऱ्या आईलाही गोळीच द्या. तिथे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या उन्हात डी बनत नाही आणि तिथलं सरकारच सगळ्यांना त्या काळात रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 आययू घेण्याचा विचार करायला सांगतं.

आहारातून डी फार थोडं मिळतं. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्याचा बलक यांत ते असतं. ‘+एफ’ खूण असलेल्या दुधात ते घातलेलं असतं, पण कपभर दुधातून 40 ते 60 आययूच पोटात जातं. त्यावर कमतरता भरून निघत नाही.

कॅल्शियम: आधी ताटात मोजा

रजोनिवृत्तीनंतर दिवसाला 1,000 ते 1,200 मिलिग्रॅम लागतं. 200 मिलिलिटर दुधात सुमारे 240, वाटीभर दह्यात 180 च्या आसपास, 50 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या एका भाकरीत 180, मोठा चमचाभर तिळात 100 हून थोडं जास्त. नाचणी आणि तिळातलं सगळंच अंगी लागत नाही, मोड आणून केलेलं नाचणी सत्त्व त्या मानाने चांगलं. कोकण-गोव्याकडे काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकट, मांदेली यांतूनही चांगलं कॅल्शियम मिळतं.

‘आई दूध घेते’ असं सांगितलं जातं तेव्हा ते दूध चहातलं असतं. दोन कप चहात मिळून शंभर मिलिलिटर दूध, म्हणजे 120 मिलिग्रॅम. बाकी पोळी-भाजी-भातातून दीड-दोनशे. अशा बाईला रोज 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीची गरज आहे आणि ताटात दह्याची वाटीही हवी. जी दोन कप दूध, दही आणि भाकरी घेते तिला गोळी लागतच नाही. जास्तीचं कॅल्शियम हाडात जाऊन बसत नाही. अमेरिकेतल्या 36 हजार बायकांच्या चाचणीत कॅल्शियम-डीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचं प्रमाण 17 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं.

गोळीच्या पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट 1,250 मिलिग्रॅम’ असेल तर त्यात कॅल्शियम 500 आहे. ती जेवणासोबत घ्यावी, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल किंवा कार्बोनेटने बद्धकोष्ठ होत असेल तर कॅल्शियम सायट्रेट घ्या. ते केव्हाही चालतं. एका वेळी 500 पेक्षा जास्त घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांचं आणि लोहाच्या गोळीनंतर दोन तासांचं अंतर हवं. सकाळी उठल्यावर सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकणाऱ्या बायकांचं थायरॉइड आवाक्यात येत नाही त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

हाड मोजा

पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढणारं ‘फ्रॅक्स’ नावाचं गणित आहे, त्यात भारतासाठीही सोय आहे. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टिरॉइड, संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), दारू, खुब्याच्या मानेची घनता हे सगळं त्यात विचारतात. डीचा आकडा विचारतच नाहीत. यावरून कशाला किती वजन द्यायचं ते कळावं.

65 वर्षं झालेल्या प्रत्येक बाईने एकदा खुबा आणि कंबर यांची डेक्सा तपासणी (हाडाची घनता मोजणारा एक्स-रे) करून घ्यावी. साध्या पडण्याने मनगट मोडलेलं, उंची तीन-चार सेंटीमीटरने घटलेली, पाठीला पोक आलेलं किंवा पाळी पंचेचाळिशीच्या आत गेलेली असेल तर त्याआधीच. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही लहान वयात काढलेल्या बायकांचं हाड फार लवकर झिजतं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. त्या बायकांच्या हाडांची काळजी साठीची वाट बघत थांबवण्यासारखी नाही. शिबिरात टाचेवर लावून दोन मिनिटांत आकडा देणारं यंत्र म्हणजे डेक्सा नव्हे. त्यावर औषध सुरूही करू नये आणि ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्तही होऊ नये.

डेक्सातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली असेल, किंवा खुबा वा मणका मोडलेला असेल, तर डी-कॅल्शियम पुरत नाही. ॲलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही घ्यायचा नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते किंवा औषध वाया जातं. वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड 5 मिलिग्रॅमचं सलाइन हा दुसरा मार्ग, मूत्रपिंड फार कमजोर असेल तर तो बंद. डेनोसुमॅब 60 मिलिग्रॅमचं इंजेक्शन सहा महिन्यांनी असतं आणि त्याची तारीख चुकवायची नाही. उशीर झाला तर थांबलेली झीज एकदम उसळते आणि मणके मोडू शकतात. ही दोन्ही औषधं डी कमी असताना टोचली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. पुडीचा कोर्स खरा महत्त्वाचा ठरतो तो इथे.

पडू नये म्हणून

घरच्या खुर्चीवर बसवून, हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला-बसायला सांगा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्या कमजोर आहेत. मग खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. शेजारी एकजण उभा राहू द्या.

ज्या उठबशीने मोजलं तीच औषधही आहे. दहा-दहाच्या दोन फेऱ्या, आठवड्यातून निदान तीन दिवस. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, मग दुसऱ्या, हे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सहज होतं. सवडीने एका बोटाच्या आधारावर यावं. मणके ठिसूळ असतील तर पुढे वाकून पायाचे अंगठे धरण्याची आसनं बंद करावीत. स्नायूंसाठी प्रथिनंही हवीत, वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम तरी. डाळीचं वरचं पाणी भातावर घेण्याने ती मिळत नाहीत.

मोरीतली गुळगुळीत फरशी, ओलं पायपुसणं, उंबरठा, पायघोळ गाऊन आणि घासलेल्या सपाता, पडण्याची ठिकाणं ही असतात. संडासात आणि न्हाणीघरात भिंतीत ड्रिल करून पक्का दांडा बसवा. टॉवेलचा रॉड वजन पेलत नाही. अंथरुणापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा. झोपेच्या गोळ्या, लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांनी रात्री उठताना चक्कर येते का ते डॉक्टरांशी बोलून पाहा. उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो का ते मोजायला सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत राहू नका.

पडलीच तर

पडल्यावर एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलंय आणि पाय उचलता येत नाही, तर खुबा मोडला आहे असं धरून चाला. उभं करू नका, तेल चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. आहे त्या स्थितीत उशांचा आधार द्या आणि 108 ला फोन करा. शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांच्या आत व्हावी. जितका उशीर, तितका न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमांचा धोका.

ऑपरेशन झालं, बाई वॉकरवर उभी राहिली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि घरी येतात. मोडलेलं हाड जुळलं, पण ज्यामुळे ते मोडलं त्या विरळ हाडाला औषधच सुरू होत नाही, आणि दुसरा खुबा तसाच राहतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिड दिलेल्या रुग्णांत नवे फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले, हे 2007 मध्येच सिद्ध झालं आहे. त्या चाचणीत सलाइनच्या दोन आठवडे आधी डीचा मोठा डोस दिला होता. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना थेट विचारा: डी आणि क्रिएटिनिन तपासलं का, डीची पुडी कोणत्या तारखेला द्यायची आणि हाडांचं पहिलं सलाइन कोणत्या तारखेला? दोन्ही तारखा डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.